तीस मैलांची अडचण

हायरम पर्सी मॅक्सिम यांना एक ऑडिऑन हवी होती. ऑडिऑन म्हणजे ली डी फॉरेस्ट यांनी शोधलेली निर्वात नळी. ती संचात बसवली की एरवी विरून जाणारे क्षीण संदेशही कानावर येत. मॅक्सिम राहायचे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्ड शहरात. स्प्रिंगफील्डच्या एका हौशी वायरलेसवाल्याकडे अशी नळी विकायला आहे, असं त्यांना कळलं. स्प्रिंगफील्ड शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, पण अंतर जेमतेम तीस मैल. आपल्याकडे पुण्याहून जेजुरी साधारण तेवढीच. मॅक्सिम यांच्या घरी एक किलोवॅटचा प्रक्षेपक होता, म्हणजे हौशी माणसाला कायद्याने परवानगी होती तेवढी पूर्ण ताकद. १९१४ च्या एप्रिलमधल्या त्या रात्री त्यांनी स्प्रिंगफील्डला पुन्हा पुन्हा हाक मारली. पण पलीकडून काही उत्तर येईना.

मग त्यांना विंडसर लॉक्सची आठवण झाली. कनेक्टिकट नदीच्या काठचं हे गाव दोन्ही शहरांच्या मध्ये आहे आणि तिथे एक ओळखीचा हौशी होता. त्याला हाक मारली, त्याने ऐकली. मॅक्सिम यांचा निरोप त्याने उतरवून घेतला आणि पुढे स्प्रिंगफील्डला पोचवला.

घटना म्हणून पाहिली तर एवढीच. त्या काळी बऱ्याच हौशींनी एकमेकांसाठी असं केलं असणार. मॅक्सिम मात्र त्या रात्री तिथेच थांबले नाहीत. एका माणसाने मध्ये उभं राहून तीस मैलांची अडचण सोडवली. मग अशी माणसं ओळीने उभी राहिली तर? आपल्याकडे पेशवाईत जासूदजोड्या पत्रं घेऊन धावत, डाकेला टप्पे असत. एका टप्प्याच्या माणसाला पुढचा टप्पा कुठे आहे एवढं माहीत असलं की पुरे. पुण्याचं पत्र दिल्लीला जायला पुण्याच्याच माणसाने दिल्ली गाठावी लागत नसे. वायरलेसच्या हौशींमध्ये टप्पे होते, म्हणजे घरोघरचे प्रक्षेपक होते. पण कोणाला कोणाचा पत्ता नव्हता.

मुळात टप्प्यांची गरज का पडावी, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी संघटना या एका अडचणीतून उभी राहिली. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडालं आणि त्याच वर्षी अमेरिकेत वायरलेसचा कायदा झाला. तोवर ज्याला वाटेल त्याने तारा ताणाव्यात आणि ठिणग्या पाडाव्यात असा कारभार होता. या कायद्याने हौशींना परवाना आणि हाकेचं चिन्ह दिलं, पण त्यांना दोनशे मीटर आणि त्याहून आखूड लहरींच्या कोपऱ्यात ढकललं. लांब पल्ल्यासाठी लांब लहरीच लागतात, आखूड लहरी निरुपयोगी, असं तेव्हाच्या जाणकारांचं ठाम मत होतं. ठिणगीचा प्रक्षेपक, दोनशे मीटरची लहर आणि स्फटिकाच्या खड्यावर ऐकणारा संच एवढ्या सामग्रीत पल्ला मिळणार तो काही मैलांचा. रात्र चांगली असली तर जास्त.

गावोगावचे क्लब याच काळात निघू लागले होते. ठिणगीच्या प्रक्षेपकाचा आवाज एका जागी राहत नाही, तो लहरींचा मोठा पट्टा व्यापून टाकतो. एका गल्लीत चार पोरं एकाच वेळी किल्ली दाबायला लागली की कोणालाच काही ऐकू येत नाही. त्यामुळे वेळा वाटून घ्याव्या लागत, नवख्याला मोर्स शिकवावा लागे आणि कोणाची अँटेना विजेच्या तारेवर पडणार नाही ना, हे बघावं लागे. ही कामं गावापुरती होती आणि त्यांना गावचा क्लब पुरत होता. हार्टफर्डचा रेडिओ क्लब १९१४ च्या सुरुवातीलाच निघाला. त्याचा सचिव होता क्लॅरेन्स टस्का, अजून विशीही न गाठलेला मुलगा. मॅक्सिम चव्वेचाळीस वर्षांचे, बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळीचे संशोधक म्हणून नाव मिळवलेले. त्यांचे वडील मॅक्सिम मशीनगनचे जनक. वयात आणि प्रतिष्ठेत एवढं अंतर असलेली ही दोन माणसं एका छंदापायी शेजारी बसली, याचं मला फार अप्रूप वाटतं. परवान्याच्या चिन्हाखाली वय लिहिलेलं नसतं. आजही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, क्लबात गेलात तर शाळकरी मुलगी आणि निवृत्त अभियंता एकमेकांना चिन्हाने हाक मारताना दिसतील.

एप्रिलच्या बैठकीत मॅक्सिम यांनी क्लबापुढे प्रस्ताव ठेवला: निरोप पुढे देणाऱ्या केंद्रांचा एक संघ काढू या. नावही त्यांनीच सुचवलं, अमेरिकन रेडिओ रिले लीग. क्लबाने मान्यता दिली. मग मॅक्सिम आणि टस्का यांनी माहीत असलेल्या केंद्रांना पत्रं आणि अर्ज पाठवायला सुरुवात केली. तुमचा संच कोणता, पल्ला किती, ही माहिती द्या आणि टप्पा व्हा, असं त्या अर्जांचं स्वरूप. त्या वर्षीच्या शरदापर्यंत दोनशेहून जास्त केंद्रं यादीत आली. ही यादी छापली गेली आणि माझ्या मते संघाची खरी स्थापना तेव्हा झाली. ठराव एका खोलीत झाला होता, त्याची खबर त्या खोलीतल्यांनाच. यादी हातात पडल्यावर मात्र ओहायोतल्या माणसाला पहिल्यांदा कळलं की पलीकडच्या गावात आपल्यासारखाच एकजण रात्री जागा असतो.

पुढे जे झालं ते कोणत्याही संघटनेत काम केलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल. संघ हार्टफर्डच्या क्लबाच्या मांडीवर वाढत होता, पण त्याचे सभासद देशभर होते. पत्रव्यवहार आणि टपालखर्च त्या क्लबाच्या नावावर, मग निर्णय कोणाचा? एका शहराच्या क्लबाने देशभरच्या केंद्रांचा मालक व्हावं का? आपण जन्म दिलेलं काम आपल्याच ताब्यात असावं असं क्लबातल्या काहींना वाटलं, आणि ते अगदी स्वाभाविक होतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण मॅक्सिम आणि टस्का यांना दिसत होतं की दूरच्या गावचा माणूस हार्टफर्डचा पाहुणा म्हणून संघात फार दिवस टिकणार नाही. १९१५ च्या आरंभी संघ क्लबापासून वेगळा झाला आणि कनेक्टिकटच्या कायद्याखाली त्याची स्वतंत्र संस्था म्हणून नोंदणी झाली. मला हा निर्णय पहिल्या ठरावाहूनही मोलाचा वाटतो. आपल्याकडे जिल्हा संघ, विभागीय मंडळं, महासंघ किती निघतात आणि त्यांतले कितीतरी ज्या गावात निघाले त्याच गावचे राहतात! ज्याने पहिली खोली दिली त्याची पाटी दारावरून उतरत नाही आणि बाकीचे हळूहळू यायचे थांबतात.

वेगळा झालेला संघ तसा निराधारच होता. दूरदूरच्या सभासदांना बांधून ठेवायला दरमहा काहीतरी हातात पडायला हवं होतं. डिसेंबर १९१५ मध्ये मॅक्सिम आणि टस्का यांनी खिशातले पैसे घालून मासिक काढलं. नाव ठेवलं ‘क्यूएसटी’. तारायंत्राच्या सांकेतिक भाषेत या तीन अक्षरांचा अर्थ सर्व केंद्रांना हाक. ते मासिक आजही निघतं.

पुढच्या वर्षी मुख्य मार्ग आखायचं काम सुरू झालं. देशभर आडवे-उभे सहा मार्ग, आणि प्रत्येक मार्गाला एक व्यवस्थापक. कोणत्या गावचं केंद्र रात्री किती वाजता ऐकतं, कोण आजारी आहे, कोणाचा प्रक्षेपक बिघडला आहे आणि त्याच्या जागी शेजारच्या गावचा कोण उभा राहील, ही त्या व्यवस्थापकाची काळजी. म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकासारखं काम, फक्त पगार नाही आणि सगळे नोकर रात्रीचे जेवून बसणारे हौशी. ६ फेब्रुवारी १९१७ रोजी एक निरोप न्यूयॉर्कहून निघाला, डेन्व्हरसारखे मोजके टप्पे घेत लॉस एंजेलिसला पोचला आणि त्याचं उत्तर परत न्यूयॉर्कला आलं. जाऊन-येऊन एक तास वीस मिनिटं. तीन वर्षांपूर्वी तीस मैल अडले होते.

दोनच महिन्यांनी अमेरिका महायुद्धात उतरली आणि सगळ्या हौशी केंद्रांना बंदीचा हुकूम आला. प्रक्षेपण बंद, ऐकणंही बंद, अँटेना उतरवा. त्या वेळी देशात सहा हजारांच्या घरात परवानाधारक होते. मोर्स येणारी ही मुलं सैन्याला हवीच होती. हजारोंनी भरती झाली. टस्काही गेला. सप्टेंबर १९१७ च्या अंकानंतर मासिक थांबलं.

संघाची कसोटी लागली ती युद्ध संपल्यावर. नौदलाला सगळा रेडिओ आपल्या हाती ठेवायचा होता आणि १९१८ च्या अखेरीस तसं विधेयक अमेरिकेच्या संसदेपुढे आलं. ते मंजूर झालं असतं तर हौशी रेडिओ अमेरिकेत तिथेच संपला असता. मॅक्सिम वॉशिंग्टनला जाऊन समितीपुढे बोलले. पण एका माणसाच्या बोलण्याने विधेयकं अडत नाहीत. संघाने सभासदांच्या घरी पत्रं धाडली आणि गावोगावच्या हौशींनी, त्यांच्या आईवडिलांनी आपापल्या प्रतिनिधींना लिहिलं. निरोप देण्यासाठी बनवलेली यादी या कामी आली. विधेयक बाजूला पडलं. तरी बंदी काही लगेच उठली नाही. प्रक्षेपणाची मुभा मिळायला १९१९ चा शरद उजाडला. मधल्या काळात तिजोरी रिकामी झाली होती. सभासदांकडून कर्जरोखे घेऊन संघाने टस्काकडून मासिक विकत घेतलं आणि पुन्हा सुरू केलं. युद्धात विस्कटलेले, बंद अँटेना घेऊन बसलेले लोक, ज्यांना प्रक्षेपणाची परवानगीही मिळालेली नव्हती, त्यांनी अशा संघाला पैसे उसने दिले. हे वाचताना मी प्रत्येक वेळी थोडा थांबतो.

आता या कथेतला चमत्कार. ज्या आखूड लहरी निरुपयोगी म्हणून हौशींच्या पदरात टाकल्या होत्या, त्या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून हजारो मैल पलीकडे उतरतात, हे कळून आलं, आणि त्यात मोठा वाटा या संघाच्या माणसांचा होता. १९२१ च्या अखेरीस संघाने पॉल गॉडली यांना संच देऊन स्कॉटलंडला पाठवलं. आर्ड्रोसन गावात समुद्रकाठी तंबू ठोकून, थंडीवाऱ्यात बसून त्यांनी अमेरिकेतल्या हौशींचे संदेश ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रेड श्नेल आणि जॉन रायनार्ट्झ यांनी फ्रान्समधल्या नीसच्या लेऑं दलॉय यांच्याशी दुतर्फा संभाषण केलं. लहर होती शंभर मीटरच्या आसपासची. हार्टफर्डहून थेट युरोप! मग विंडसर लॉक्सच्या माणसाची गरज कुठे उरली?

संघाच्या आयुष्यातला हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या अडचणीसाठी एकत्र आलो ती अडचणच नाहीशी झाली. बऱ्याच संस्था अशा वेळी नावापुरत्या उरतात. ही टिकली, कारण दरम्यान माणसांना एकमेकांची सवय झाली होती आणि पल्ला वाढल्यामुळे नवी अडचण उभी राहिली होती. लहर आता देशाची सीमा ओलांडत होती. कोणती लहर कोणी वापरायची हे एका देशाच्या कायद्यात बसत नव्हतं. एप्रिल १९२५ मध्ये पॅरिसमध्ये अनेक देशांचे हौशी जमले आणि आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटना स्थापन झाली. पहिले अध्यक्ष मॅक्सिमच. १८ एप्रिल हा तिचा स्थापनादिन जगभरचे हॅम आजही पाळतात. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत देशोदेशींच्या सरकारांनी लहरींची वाटणी केली, तेव्हा हौशींना त्यांचे पट्टे मिळाले. एकटादुकटा क्लब त्या दारात उभाही राहू शकला नसता.

या जागतिक संघटनेचा एक नियम मला अर्थपूर्ण वाटतो: एका देशातून एकच संस्था सभासद. भारताकडून ती जागा अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया सांभाळते. जग तीन विभागांत वाटलं आहे आणि आपण आशिया-प्रशांताच्या तिसऱ्या विभागात येतो. गावचा क्लब, देशाची संस्था, विभाग, मग जग, अशी ही उतरंड. खालचं मडकं कच्चं असेल तर वरची रचून काही उपयोग नाही.

निरोप पुढे देण्याची कला अमेरिकेत मॅक्सिम यांच्या संघाने सोडली नाही. तिची शिस्त बघण्यासारखी आहे. प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो, तातडीची पायरी असते, तो जिथून निघाला त्या केंद्राचं चिन्ह, गाव, तारीख असते आणि एक आकडा असतो: मजकुरातल्या शब्दांची संख्या. निरोप उतरवून घेणारा शब्द मोजतो. मथळ्यात बारा आहेत आणि कागदावर अकराच उतरले, तर तो तिथेच थांबवून विचारतो. असे पाच हात पालटले तरी पाच जणांनी पाचदा मोजलेलं असतं. कोणीही मजकूर सुधारत नाही, शुद्धलेखन नीट करत नाही, आपलं शहाणपण घालत नाही. आणि शेवटच्या टप्प्यावरचा माणूस तो निरोप फोनवर किंवा पायी जाऊन ज्याचा त्याला पोचवतो. या कामाचे पैसे घ्यायचे नाहीत, हा हौशी रेडिओचा मूळ नियम. शेवटच्या मैलाला त्या गावात राहणाराच माणूस लागतो. म्हणून महासंघ कितीही मोठा झाला तरी गावचा क्लब मोडीत काढून चालत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या पट्ट्यात हॅम मंडळी आपले संच घेऊन पोचली होती. अशा वेळी बाहेरच्या माणसाला वाटतं की मोठमोठ्या मागण्या वायरलेसवरून जात असतील. त्या जातातच. पण आपत्तीत हौशी केंद्रांवरून जाणाऱ्या निरोपांत मोठा भाग अगदी छोट्या मजकुराचा असतो: अमुक सुखरूप आहे, तमुक अमक्या रुग्णालयात आहे. असा निरोप एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायचा तर दोन्हीकडच्या क्लबांनी आधीच ठरवलेलं असावं लागतं की कोणत्या लहरीवर, किती वाजता, कोणी ऐकायचं. भूकंप झाल्यावर हे ठरवत बसता येत नाही.

आज आसपासच्या क्लबांनी मिळून काढलेल्या विभागीय संघाचं सर्वांत नेमाने चालणारं काम म्हणजे रिपीटरची जुळवाजुळव. रिपीटर म्हणजे डोंगरमाथ्यावर बसवलेलं विंडसर लॉक्स. तो एका लहरीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर ते पुन्हा बोलतो. हातातल्या पाच वॅटच्या संचाचा आवाज त्यामुळे दोन-तीन जिल्ह्यांत ऐकू येतो. मात्र शेजारच्या जिल्ह्यातल्या क्लबाने आपल्या डोंगरावर त्याच लहरींची जोडी वापरली, तर मधल्या पट्ट्यातल्या माणसाला दोन्ही आवाज एकात एक ऐकू येतात आणि कळत काहीच नाही. डोंगराला जिल्ह्याची हद्द माहीत नसते. अशा वाटणीसाठी अमेरिकेत हौशींनीच नेमलेल्या प्रादेशिक समित्या असतात. कोणत्या शिखरावर कोणती जोडी, हे त्या ठरवतात. त्यांच्याकडे पोलीस नाही की दंड नाही. कायदा त्यांना एवढंच बळ देतो की दोन रिपीटर भांडले आणि एकाने समितीची संमती घेतली असेल, दुसऱ्याने नसेल, तर अडथळा दूर करण्याची पहिली जबाबदारी संमती न घेणाऱ्याची. बाकी सगळं एकमेकांच्या शब्दावर चालतं.

म्हणून क्लबांचा विभागीय संघ काढू पाहणाऱ्या कोणालाही मी घटनेचा मसुदा जरा उशिरा काढायला सांगेन. आधी भिंतीवर नकाशा लावा. कोणाची अँटेना कुठे आहे, ती किती उंचीवर आहे, तिथून कोण ऐकू येतं, हे त्यावर मांडा. कोणत्या दोन गावांना एकमेकांचं ऐकू येत नाही, ते लाल शाईने दाखवा. पदाधिकाऱ्यांची यादी त्या लाल रेषांवरून सुचेल. आणि दर आठवड्याला, ठरल्या वारी, ठरल्या वेळी सगळ्या क्लबांनी एकत्र हजेरी लावावी. हॅम लोक अशा हजेरीला नेट म्हणतात.

पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री असं नेट ऐकावं. सूत्रधार एकेका चिन्हाला हाक मारतो. देशावरची केंद्रं पटापट हजेरी देतात. मग कोकणातलं एक चिन्ह पुकारलं जातं आणि नुसती खरखर ऐकू येते. सूत्रधार पुन्हा हाक देतो. पुन्हा खरखर. तेवढ्यात घाटमाथ्यावरचा कोणीतरी मध्ये बोलतो, आपलं चिन्ह सांगतो आणि म्हणतो, “मला दोघंही ऐकू येताहेत. ते हजर आहेत. त्यांचा निरोप सतरा शब्दांचा आहे, घ्या उतरवून.”